बारगीर, शिलेदार आणि बर्गी : बराकपूरच्या संदर्भात घोडा व स्वार यांच्या निगेचा विचार

बराकपूरच्या छावणीचे नाव मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे ते प्रामुख्याने २९ मार्च १८५७ या एका दिवसामुळे. त्या दिवशी चौतिसाव्या देशी पलटणीचा शिपाई मंगल पांडे याने परेडच्या मैदानावर घोड्यावरून धावून आलेल्या लेफ्टनंट बॉ या अधिकाऱ्यावर गोळी झाडली. गोळी स्वाराला न लागता घोड्याला लागली आणि घोडा व स्वार दोघेही कोसळले. त्यानंतरची झटापट, जनरल हिअर्सीचे आगमन, ८ एप्रिलची फाशी यांविषयी विपुल लेखन झाले आहे. घोड्याच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी एक वाक्य येते, आणि तेही स्वार खाली कसा आला हे सांगण्यापुरते.

ही उपेक्षा अपघाती नाही. युद्धाच्या आख्यानात घोडा हे स्वाराचे आसन असते. तो दौडतो, उसळतो, पडतो, पण खात नाही, आजारी पडत नाही, त्याच्या पाठीला जखम होत नाही. दफ्तरात मात्र नेमका हाच घोडा भेटतो. चंदी कोणी पुरवायची, नाल कोणी ठोकायचे, पावसाळ्यात गवत कोठून आणायचे आणि घोडा मेला तर तोटा कोणाचा, हे तेथील प्रश्न आहेत. आख्यान आणि हिशेब यांच्यामधल्या या अंतरात मराठी लष्करी परिभाषेतील दोन शब्दांचा प्रवास दडलेला आहे. ‘बारगीर’ आणि ‘शिलेदार’ हे दोन्ही शब्द मूळचे फारसी. मराठीत ते रुळले आणि तेथून बंगालमध्ये निरनिराळ्या वाटांनी पोहोचले, एक दहशतीचे नाव म्हणून, दुसरा इंग्रजी फौजेच्या नियमांतील संज्ञा म्हणून. बराकपूर हे या दोन वाटा जवळ येण्याचे ठिकाण आहे.

‘बारगीर’ या शब्दाचा फारसीतील मूळ अर्थ ओझे घेणारा. तेथे तो ओझ्याच्या जनावराला, विशेषतः घोड्याला, लावला जाई. मराठीत येईपर्यंत तो घोड्यावरून स्वारावर सरकला होता आणि सरकारी घोड्यावर बसणारा, स्वतःचे जनावर नसलेला स्वार, असा त्याचा अर्थ स्थिर झाला होता. हत्यार या अर्थाच्या ‘सिलाह’पासून आलेला ‘शिलेदार’ हा त्याच्या उलट, घोडा व हत्यारे पदरची घेऊन चाकरीला येणारा. वरवर पाहता हा दर्जाचा भेद दिसतो. मुळात तो निगेच्या जबाबदारीचा भेद आहे. बारगिराचा घोडा अशक्त झाला तर पागेचा कारभारी जबाबदार. शिलेदाराचा झाला तर त्याचे घर बुडाले. त्यामुळे शिलेदार आपल्या घोड्याला जपत असे हे खरे, पण लढाईच्या ऐन प्रसंगी तो घोडा पुढे घालायला कचरण्याचा धोकाही त्यातच होता.

१७व्या शतकाच्या अखेरीस जिंजीत लिहिलेल्या सभासद बखरीत शिवकालीन पागेची जी रचना सांगितली आहे, तिचा या दृष्टीने विचार व्हायला हवा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, ही उतरंड सर्वांना ठाऊक आहे. त्याच तपशिलात पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमल्याचे येते, त्याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. पाणी आणि खूर या दोन गोष्टींची तरतूद लष्करी अधिकाराच्या अगदी खालच्या पायरीशीच बांधून टाकलेली होती. शिलेदारांनाही पागेच्या हुकमतीखाली ठेवले होते. त्याच बखरीत पावसाळ्याची व्यवस्था सांगितली आहे. लष्कराने आपल्या मुलखात छावणीस यावे. तेथे घोड्यांसाठी दाणा, रतीब व औषधे आणि माणसांसाठी गवताने शाकारलेली घरे आधीच तयार असावीत. दसऱ्यानंतर पुन्हा मुलूखगिरीस निघावे. घोड्याचे औषध आणि स्वाराचे छप्पर एकाच दमात सांगणारी ही मांडणी बरेच काही सांगून जाते. तेथे एकाची प्रकृती दुसऱ्याच्या प्रकृतीपासून वेगळी काढलेलीच नाही.

राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकुनांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र हे याच व्यवस्थेचे जिवंत भाष्य आहे. मराठी गद्याच्या इतिहासात या पत्राला मोठे स्थान मिळाले ते त्यातील रयतेविषयीच्या कळकळीमुळे, आणि ते योग्यच आहे. पण पत्राचा विषय वैरण हा आहे. साठवलेला दाणा व गवत आताच मनास येईल तसे उधळले तर ऐन पावसात ते मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आरंभ आहे. त्यानंतर कार्यकारणाची साखळी येते. वैरण संपली की लोक रयतेकडे वळतील; कोणी दाणा, कोणी भाकरी, कोणी भाजीपाला उचलील; मग रयतेला मोगल बरे वाटू लागतील. पुढे आगीविषयीची सूचना आहे. चुली, चिलमी, आणि रात्री तसाच ठेवलेला दिवा, ज्याची पेटती वात एखादा उंदीर ओढून नेईल व गवताच्या गंजीला आग लागेल. राज्यकर्त्याच्या पत्रात उंदराला मिळालेली ही जागा लेखनकौशल्याची हौस नव्हे. गंज जळाली तर घोडे जाणार, घोडे गेले तर लष्कर जाणार, हे ज्याला दिसत होते त्याचे हे लक्ष आहे.

अश्वनिगेची ही संस्कृती मराठी भाषेत किती खोल मुरली होती याची साक्ष आजचे बोलणेही देते. पाठीवर टाकायचे खोगीर, त्याखालचा नमदा, तोंडाला बांधायचा तोबरा, अंग चोळायचा खरारा, निगराणी करणारा मोतद्दार, चाल शिकवणारा चाबूकस्वार, औषध देणारा सालोत्री, हे सारे शब्द घोड्याबरोबर घराघरांतून निघून गेले. म्हणी व वाक्प्रचार मात्र राहिले. ‘खोगीरभरती’ हा शब्द आज समीक्षक निरुपयोगी मजकुरासाठी वापरतात. खोगिरातली भरताड कशाचीही असू शकते, चिंध्यांची, गवताची, केसांची, म्हणून हा अर्थ आला. परंतु ती भरती नीट नसेल तर घोड्याची पाठ सोलवटते आणि स्वाराचे कंबरडे मोडते, हे ज्याने लांब मजल मारली आहे त्याला कोणी सांगावे लागत नसे. ज्या वस्तूवर दोघांचेही स्वास्थ्य अवलंबून होते तीच भाषेत फालतूपणाचे प्रतीक व्हावी, हा विपर्यास अर्थांतराच्या अभ्यासकाने नोंदवण्याजोगा आहे. ‘येथेच घोडे पेंड खाते’ असे आपण अडचणीची जागा दाखवताना म्हणतो. तीत घोडे अडते तेही खाण्यापाशीच.

बंगालमध्ये यातला ‘बारगीर’ आधी पोहोचला. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या वतीने भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेला. चौथाईच्या मागणीतून सुरू झालेल्या या स्वाऱ्या १७५१ च्या तहापर्यंत चालल्या. या काळाचे बंगालीतील सर्वात थेट चित्र गंगारामाच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या काव्यात आहे. भारतचंद्राच्या ‘अन्नदामंगल’मध्येही त्याचे पडसाद आहेत. या वाङ्मयाने आणि पाळण्याच्या गीताने ‘बर्गी’ हा शब्द बंगाली बालमनात कायमचा रुजवला. भोसल्यांच्या फौजेत शिलेदारही असणारच. पण बंगालच्या खेडुताला घोडा कोणाच्या मालकीचा याच्याशी कर्तव्य नव्हते. त्याच्या लेखी सारे बर्गीच.

मराठी इतिहासलेखनाने या स्मृतीकडे बहुधा दोनच प्रकारे पाहिले. एक तर तिच्याविषयी मौन पाळले, किंवा चौथाईच्या हक्काचा दाखला देऊन तिची धार बोथट केली. चिपळूणचे पत्र हाताशी असताना तिसरा मार्गही मोकळा आहे. १७४२ चा पावसाळा भास्कररामाच्या फौजेने स्वदेशी परतून काढला नाही. ती भागीरथीकाठी कटव्याला तळ देऊन राहिली आणि ऐन दुर्गापूजेच्या दिवसांत अलीवर्दीखानाने तिच्यावर अचानक छापा घातला. दाणा, रतीब, औषधे आणि शाकारलेली घरे ज्या छावणीत आधी तयार असायची, ती येथून शेकडो कोस दूर होती. बंगालच्या चिखलात, परमुलखात, हजारो घोड्यांचा चारा कोठून येणार? पत्रात भीती म्हणून जी साखळी मांडली होती, वैरणीपासून रयतेच्या भाकरीपर्यंत, ती येथे प्रत्यक्षात उतरली. लुटीमागे लोभ होता, राजकारण होते, ते नाकारण्याचे कारण नाही. पण बंगाली पाळण्यात धान फस्त करणारे पक्षी आणि न फिटणारा सारा यांच्या शेजारी बर्गी येऊन बसतो, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. ते गीत दाण्याविषयी आहे.

नदीने या कथेत आपले काम केले. हुगळीपर्यंतचा पश्चिम काठ मराठ्यांच्या हाती काही काळ गेला. पूर्व काठ घोडदळाला दुस्तर राहिला. कलकत्त्याच्या रहिवाशांनी संरक्षणासाठी खणायला घेतलेला ‘मराठा खंदक’ पुरा होण्याची वेळच आली नाही. त्याच पूर्व काठावर, श्रीरामपूरच्या समोर, चानक नावाच्या जागी १७७२ च्या सुमारास कंपनीच्या बराकी उभ्या राहिल्या आणि गावाला बराकपूर हे नाव पडले. चानक हे नाव जॉब चार्नॉकवरून आले असे लोक सांगतात. ही लोकव्युत्पत्ती फारशी भक्कम नाही.

बराकपूरला वैभव आले वेलस्लीच्या काळात. गव्हर्नर जनरलचे उपवनगृह, दुतर्फा झाडे लावलेला कलकत्त्याचा रस्ता, आणि फ्रान्सिस ब्युकॅननच्या देखरेखीखालचा प्राणिसंग्रह हे सारे १८०३–०५ च्या आसपासचे, म्हणजे दुसऱ्या इंग्रज-मराठे युद्धाच्या ऐन धामधुमीतले. ज्या वर्षी असई आणि लासवारी येथे शिंद्यांच्या फौजा मोडल्या, त्याच वर्षी शिंद्यांची चाकरी सोडलेल्या जेम्स स्किनरने कंपनीसाठी घोडपथक उभे केले. त्याची घडण शिलेदारी पद्धतीची होती. मराठ्यांना हरवणाऱ्या सत्तेने मराठ्यांची घोडेस्वारीची अर्थव्यवस्था शब्दांसकट उचलली. इंग्रजी नियमांत ‘सिलादार’, ‘बारगीर’ आणि ‘असामी’ हे तिन्ही शब्द आले. स्वाराने घोडा आणायचा किंवा त्याची किंमत भरायची. त्याची जागा ही त्याची असामी. आणि ज्याच्याकडे एकाहून अधिक असाम्या असत तो दुसऱ्याच्या नावे बारगीर बसवी. दाणा, गवत, खोगीर यांचा खर्च पगारातून होई. दोन स्वार मिळून एक तट्टू व एक घासवाला पोसत. कंपनीला ही पद्धत स्वस्त पडत होती. पागेचा भार सरकारने उचलण्याचा सभासदी आदर्श त्यात गळून पडला होता आणि शिलेदाराने जोखीम घ्यायची एवढाच भाग उरला होता.

कलकत्त्यात याच काळात घोड्याचे दुसरे एक जीवन सुरू झाले होते, ग्रंथातले. १७८८ मध्ये जोसेफ अर्ल्स याने ‘सालोतर’ या अश्वग्रंथाचे इंग्रजी भाषांतर कलकत्त्यात छापले. ते केले होते फारसीवरून. आणि फारसी ग्रंथ मुळात संस्कृतावरून उतरवल्याचे श्रेय शाहजहानकालीन सरदार अब्दुल्लाखान फिरोजजंग याला दिले जाते. शालिहोत्र या ऋषीच्या नावावर चालत आलेले शास्त्र अशा तीन भाषांतून फिरत असताना ऋषीचे नाव आधी ग्रंथाचे झाले आणि मग वैद्याचे. मराठी ‘सालोत्री’ आणि इंग्रजांच्या बोलण्यातला ‘सलुत्री’ ही त्याचीच रूपे. शंभर वर्षांनी, १८८६ मध्ये, बिब्लिओथेका इंडिका मालेत जयदत्तसूरीचे ‘अश्ववैद्यक’ उमेशचंद्र गुप्त यांनी संपादित केले. १९१० च्या सुमारास फिलट या लष्करी विद्वानाने हाशिमीचा फारसी ‘फरसनामा’ त्याच मालेत आणला. उर्दू कवी रंगीन याच्या ‘फरसनामा’चे इंग्रजी भाषांतरही त्याचेच. रेख्तीसारख्या नाजूक काव्यप्रकाराशी ज्याचे नाव जोडले जाते त्या कवीने घोड्यांचे रोग व शुभाशुभ लक्षणे यांवर लिहावे, यात त्याच्या समकालीनांना नवल वाटले नसावे. घोडा पारखणे हे त्या काळी रसिकतेचेच अंग होते.

या सर्व ग्रंथांत दाणा, पाणी, ऋतुचर्या, खूर, दात, भोवरे यांना जागा आहे. घोड्याच्या खर्चाने स्वार कसा बुडतो याला मात्र त्यांत जागा नाही. कौटिल्याचा अश्वाध्यक्ष प्रकरणापुरता अपवाद करता येईल. रोग वाढू देणाऱ्या वैद्याला उपचारखर्चाच्या दुप्पट दंड आणि चुकीच्या उपचाराने जनावर दगावल्यास त्याची किंमत वसूल करणारा तो ग्रंथकार शास्त्रापेक्षा हिशेबाच्या बाजूचा आहे.

हा हिशेब बराकपूरमध्ये १८२४ साली रक्तात लिहिला गेला. तेथे जनावर घोडा नव्हते, बैल होते. पण प्रश्न तोच होता. ब्रह्मदेशाच्या युद्धासाठी मथुरेहून चालत आलेल्या पलटणींना चित्तगावच्या दिशेने पुढे जाण्याचा हुकूम झाला. शिपायाचे स्वयंपाकाचे पितळी भांडे त्याच्या जातीच्या आचाराशी बांधलेले असे. ते व अंथरूण वाहण्यासाठी बैल लागत आणि बैलांचा खर्च शिपायाने सोसण्याचा रिवाज होता. युद्धासाठी सरकारनेच खरेदी चालवल्याने बैल मिळेनासे झाले, भाव चढले. समुद्रमार्गे नेतील ही धास्ती होतीच. १ नोव्हेंबरला सत्तेचाळिसाव्या पलटणीने कूच करण्यास नकार दिला. सरसेनापती सर एडवर्ड पॅजेट याने रातोरात गोऱ्या पलटणी, डमडमचा घोडतोफखाना आणि गव्हर्नर जनरलचे अंगरक्षक घोडदळ आणवले आणि सकाळी तोफा डागल्या. मृतांचे आकडे सरकारी कागदांत आणि इतरत्र जुळत नाहीत. पलटणीचा क्रमांक सैन्याच्या यादीतून काढून टाकण्यात आला. पुढाकार घेतलेल्या बिंदा तिवारी याला फाशी झाली; बराकपूरमध्ये ‘बिंदा बाबा’ म्हणून त्याचे पूजास्थान आहे.

ओझ्याची जनावरे मागणाऱ्या शिपायांवर घोडे घातले गेले, आणि ते घोडे सरकारी दाण्यावर पोसलेले होते. अंगरक्षक दलाच्या स्वाराला चंदीची विवंचना नव्हती. पायदळाच्या शिपायाला बैलाच्या भाड्याची होती. ‘बारगीर’ शब्दाचा मूळ अर्थ ओझे घेणारा, हे येथे आठवते. त्या पलटणीत ओझे घेणारे कोणी उरले नाही म्हणून ते माणसाच्या पाठीवर आले. तेहतीस वर्षांनंतरच्या काडतुसांच्या आख्यानाने ही घटना झाकोळली, कारण धर्मभावनेची कथा सांगणे सोपे असते आणि बैलभाड्याची अवघड.

काडतुसांची ती बातमी बंगालमधून मध्य भारतात पोहोचली तेव्हा ती ऐकणाऱ्यांत वरसईचे विष्णुभट गोडसे होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केला. सत्तावनच्या मराठी साक्षींमध्ये घोड्याकडे इतक्या जवळून पाहणारा ग्रंथ दुसरा नसावा. अश्वपरीक्षेत नाव असलेल्यांमध्ये गोडसे झाशीच्या लक्ष्मीबाईची गणना करतात आणि एक प्रसंग सांगतात. सौदागराने आणलेले दोन देखणे घोडे बाईंनी फिरवून पाहिले. एकाला भरपूर किंमत सांगितली आणि दुसऱ्याला अगदी क्षुल्लक, कारण त्याची छाती आतून दुखावलेली होती. सौदागराने ते कबूल केले. दोन्ही घोडे दिसायला सारखेच असताना बसणाऱ्याच्या अंगाला फरक कळावा, हे शालिहोत्राच्या कोणत्याही पोथीत न सापडणारे ज्ञान.

पुढे काल्पीच्या वाटेवरचा विहिरीचा प्रसंग येतो. पराभवानंतर घोड्यावरून दौडत आलेली, धुळीने माखलेली, तहानेने व्याकुळ झालेली राणी स्वतः पाणी शेंदते आणि भटजींना तसदी घेऊ देत नाही. महाकाव्याला शोभणारी नायिका येथे घामाघूम, थकलेली दिसते, आणि तरीही ती नायिकाच राहते. ग्वाल्हेरला तिचा शेवट नवख्या घोड्याने नाल्यापाशी अडल्यामुळे झाला, ही परंपरेने चालत आलेली हकीकत खरी धरली तर जिला घोड्याची एवढी पारख होती तिला अखेरीस पारखलेला घोडा लाभला नाही.

१८५७ नंतर बंगालच्या फौजेतील नियमित घोडदळ संपले आणि शिलेदारी पद्धत तेथे सर्वत्र लागू झाली; मद्रासचे घोडदळ तेवढे बाहेर राहिले. घोड्यांचा पुरवठाही बदलला. लियोंला पशुवैद्यक शिकलेला विल्यम मूरक्रॉफ्ट १८०८ पासून बिहारमधील पुसाच्या सरकारी अश्वपैदास केंद्रावर होता; त्याने तेथे घोड्यांसाठी ओट लावले, आणि चांगल्या वळूंच्या शोधात बुखाऱ्यापर्यंत जाऊन परतीच्या वाटेवर १८२५ मध्ये मरण पावला. पुढे ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समधून जहाजांनी येणारे ‘वेलर’ घोडे कलकत्त्याच्या बाजारात आले. बंगालच्या दमट हवेत घोड्याचा मागचा भाग लुळा पाडणाऱ्या रोगाला इंग्रज ‘कुमरी’ म्हणत. ‘कमर’ शब्दाशी त्याचे नाते उघड आहे, आणि त्यामागे डासांवाटे शिरणारा सूक्ष्म कृमी असल्याचे बरेच नंतर कळले. ‘सुर्रा’ या दुसऱ्या रोगाचा जंतू ग्रिफिथ इव्हान्सला १८८० मध्ये डेरा इस्माईल खान येथे रक्तात दिसला. त्यावरचे पुढील संशोधन १८८९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या प्रयोगशाळेत लिंगार्डने चालवले. १८८६ मध्ये मुंबईत परळला आणि १८९३ मध्ये कलकत्त्यात बेलगाछियाला पशुवैद्यक महाविद्यालये निघाली. सालोत्र्याची जागा पदवीधर डॉक्टरने घेतली.

स्वाराच्या खिशाची जागा मात्र कोणी घेतली नव्हती. पहिल्या महायुद्धात शिलेदारी पथके फ्रान्समध्ये आणि इराकमध्ये गेली तेव्हा मेलेल्या घोड्यामागे पथकाच्या वर्गणीतून नवा घोडा उभा करणे अशक्य ठरले. घासवाला व तट्टू मागेच राहिले होते. १९२१ च्या पुनर्रचनेत ही पद्धत बंद झाली, घोडा पूर्णपणे सरकारचा झाला आणि दाणाही. मराठी परिभाषेत बोलायचे तर हिंदुस्थानचा प्रत्येक स्वार त्या वर्षी बारगीर झाला. आणि त्यानंतर वीस वर्षांच्या आत बहुतेक पथकांच्या तबेल्यांतून घोडे जाऊन मोटारी आल्या.